मोफत खाट म्हणजे हक्कावर पाणी सोडणे नव्हे

'ऑपरेशन चांगले झाले होते हो, नंतर सेप्टिक झाले.' हे वाक्य आमच्या वस्त्यांत इतक्यांदा ऐकू येते की, त्याचा आता कुणाला धक्काही बसत नाही. नशिबाचा भाग म्हणून माणसे गप्प बसतात. ज्या समाजाने नशीब मानणे सोडले, त्याने दवाखान्याच्या दारात ते पुन्हा का स्वीकारावे, हा आमचा सवाल आहे.

१९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदी झाली. पोटात टॉवेल राहिला, पू झाला. पुन्हा पोट उघडले, पण ती वाचली नाही. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली आणि १९९६ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा दिली. न्यायाला तेहतीस वर्षे लागली! पण त्यातून एक तत्त्व पक्के झाले. पोटातला टॉवेल स्वतःच निष्काळजीपणाची साक्ष देतो आणि नेमका कोणता डॉक्टर चुकला हे ठरले नाही, तरी सरकार जबाबदार राहते.

साध्या जंतुसंसर्गात टॉवेलसारखा पुरावा हाती नसतो. 'जंतू तुम्हीच घरून आणले,' असे दवाखाना म्हणतो. भरती होताना नसलेला आणि ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग साधारणपणे दवाखान्यातला धरतात. मात्र तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. हत्यारे निर्जंतुक केली होती काय, ताप चढल्यावर डॉक्टर कधी आला, कल्चर कधी पाठवले, हे कागदच सांगतात. म्हणून केसपेपर, ऑपरेशनची नोंद, नर्सचा तक्ता, कल्चर रिपोर्ट लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. रागाच्या भरात फक्त पोलीस ठाणे गाठून ती घालवू नका. फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, असे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितले आहे.

'फुकट उपचार घेतलेत, आता तक्रार कसली?' असे विचारणाऱ्यांना १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. जिथे काही रुग्ण पैसे भरतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच आहे. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेवरचा गरीब उपकाराचा धनी नाही. सर्वांनाच मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना या कायद्यात बसत नाही, पण त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा आणि हायकोर्टाची वाट खुली आहे. वकिलाला पैसे नसतील, तर १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा.

एक सावधगिरी मात्र हवी. बोभाटा झाला की कंत्राटी सफाई कामगाराला घरी बसवून फाइल बंद करतात. त्याला हातमोजे कुणी दिले नाहीत? एका पाळीत किती वॉर्ड त्याच्या माथी मारले? खाटेवरचा आपला आणि झाडू धरणाराही आपलाच. एकाचा बळी दुसऱ्याच्या बळीने फिटत नाही. जाब व्यवस्थापनालाच विचारला पाहिजे.

मोर्चे काढायला आम्ही शिकलो. आता प्रत्येक वस्तीत केसपेपर वाचू शकणारा एक तरी कार्यकर्ता उभा राहिला पाहिजे.