विळ्याचे रक्त आणि उघडलेले कुलूप

सिकलसेल या आनुवंशिक रोगात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भाला हा रोग नवा नाही. दोष आहे अकराव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या एका अक्षरात. ते अक्षर दुरुस्त करावे, असे कोणीही म्हणेल. परंतु श्रोतेहो, गर्भावस्थेत आपले हिमोग्लोबिन निराळे असते, आणि या रोग्यांतही ते निर्दोष असते. जन्मानंतर त्याला कुलूप लागते. हे कुलूप लावते दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल-११ए हे जनुक, असे स्ट्युअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखविले. मग मूळ चूक तशीच ठेवून, रोग्याच्याच मूलपेशी बाहेर काढून त्यांतील ते कुलूप निकामी करण्यात आले! २०२३ साली ब्रिटन व अमेरिका यांनी या उपचारास मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत माणशी २२ लाख डॉलर होती. गडचिरोलीच्या पोराने ते कोठून आणावेत?