गोळ्या ‘गरम’ पडल्या म्हणून काढा घ्यावा का?

पावसाळा सुरू झाला की शहापूर-मुरबाड भागात बांधाबांधावर भुईआवळा उगवतो. आंब्या-निंबाच्या झाडांवर चढलेली गुळवेल हिरवीगार होते. ‘डॉक्टर, गोळ्या फार गरम पडतात. सोबत गुळवेलीचा काढा घेतला तर लिव्हर सांभाळलं जाईल ना?’ असा प्रश्न मग हमखास कानी येतो. विचारणारा बहुधा क्षयाच्या, म्हणजे टी.बी.च्या उपचारावर असतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचाच विचार करू.

यकृत हा आपल्या शरीरातला दीड किलो वजनाचा कारखाना आहे. पोटात गेलेल्या बहुतेक औषधांचे विघटन तेथे होते. टी.बी.च्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन औषधे काही रुग्णांत यकृताला सूज आणतात. सर्वांना असा त्रास होत नाही. मात्र दारू पिणारे, वयस्कर, कुपोषित आणि पूर्वी यकृताचा आजार झालेले रुग्ण यांना धोका अधिक असतो.

गुळवेलीचे दोन अनुभव

आपल्या वनस्पती निरुपयोगी आहेत, असे मुळीच नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर तो केला होता. नेहमीच्या उपचाराबरोबर गुळवेल दिलेल्या रुग्णांची प्रकृती त्यात अधिक चांगली राहिली. पण ते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते आणि औषधाची मात्रा ठरलेली होती, हे विसरू नये.

दुसरा अनुभव करोनाच्या साथीतला. तेव्हा गुळवेलीला एवढी मागणी आली, की शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या घरात काम मिळाले. आपल्या तालुक्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण त्याच काळात घरोघरी मनाने काढे सुरू झाले. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. २०२२ मध्ये देशातील १३ रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. यांतील अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने मात्र २०२१ मध्येच आक्षेप घेतला होता. वेलीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

वाद तज्ज्ञांचा आहे. आपण त्यातून एवढेच घ्यावे, की यकृत सुधारणारी म्हणून घेतलेली वनस्पतीही काहींना बाधू शकते. शिवाय गोळ्या आणि काढा एकत्र चालू असताना कावीळ झाली, तर दोष कशाचा हे डॉक्टरांना ओळखणे अवघड होते.

ही लक्षणे ओळखा

रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी-लालसर होते. त्याला घाबरू नये, ती कावीळ नव्हे. पण अन्नावरची वासना उडाली, सारखी मळमळ किंवा उलटी होऊ लागली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, जे सोयीचे असेल तेथे जावे. रक्ताची तपासणी करून डॉक्टर गरजेप्रमाणे गोळ्या थांबवतात आणि सूज उतरल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करतात. याच वेळी कावीळ उतरवून घेण्यासाठी गावोगाव फिरण्यात दोन आठवडे घालवणे जिवावर बेतू शकते.

दुसरी चूक याच्या उलट असते. थोडी मळमळ झाली की काहीजण घरच्या घरी गोळ्या बंद करतात आणि नुसत्या काढ्यावर राहतात. काढ्याने टी.बी.चे जंतू मरत नाहीत. अर्धवट उपचाराने ते औषधांना दाद देईनासे होतात. मग सहा महिन्यांचे दुखणे आणखी लांबते, आणि घरातल्या लेकराबाळांनाही तोच हट्टी आजार जडण्याची भीती असते.

यकृत खरोखर कसे जपावे?

उपचार चालू असेतो दारूचा थेंबही नको, मोहाचीही नको. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. भाकरी, डाळ, अंडी, मासे, जे परवडेल ते पोटभर खावे. काढा, चूर्ण, वैदूने दिलेली मुळी यांपैकी काही घेत असाल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते रागावतील म्हणून लपवू नये. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल, तर शिकलेल्या वैद्यांना चालू गोळ्यांची पाकिटे दाखवूनच घ्यावे.

बांधावरची वेल कुठे पळून जात नाही. आधी सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण करा!