अणुभट्टीशिवाय अणुभट्टीचं काम

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात एचेव्हरी हॉल नावाची इमारत आहे. तिच्या तळघरात 1966 ते 1987 या काळात 1 मेगावॉटची खरीखुरी अणुभट्टी चालत असे. पुढे ती मोडीत काढली गेली. अणुअभियांत्रिकीचा विभाग मात्र राहिला आणि नव्या अणुभट्ट्यांचे आराखडेही तिथे होत राहिले. आपल्याकडे हे काम म्हटलं की ट्रॉम्बेचं कुंपण आणि ओळखपत्र डोळ्यांपुढे येतं. बर्कलीत ते पीएच.डी.चे विद्यार्थी आणि कराराच्या मुदतीवर नेमलेले पोस्टडॉक करतात.

या मंडळींना एक जुना टोमणा पाठ असतो. अमेरिकी आरमाराला अणुशक्तीवरच्या पाणबुड्या देणाऱ्या हायमन रिकोव्हर यांनी 1953 मध्ये एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा, की प्राध्यापकी अणुभट्टी नेहमी साधी, लहान, स्वस्त आणि झटपट उभी राहणारी असते. खरी मात्र अवजड आणि महागडी असते, शिवाय ठरल्या वेळेच्या मागे पडलेली. टोमणा जिव्हारी लागतो, कारण तो बराचसा खरा आहे. विद्यापीठातल्या नोकरीचा मोठा भाग त्याला उत्तर देण्यातच जातो.

सुरुवात संगणकापासून होते. इंधन कुठे, ग्रॅफाइट कुठे, कुठल्या भागाचं तापमान किती, हे सगळं इनपुट फाइलमध्ये मांडायचं आणि क्लस्टरवर जॉब लावायचा. एमआयटीत जन्मलेल्या ‘ओपनएमसी’सारखा कोड मग न्यूट्रॉनांची आयुष्यं एकेक करून रंगवतो: हा आदळला, हा शोषला गेला, याने युरेनियमचा अणू फोडला. कोट्यवधी आयुष्यांतून एक आकडा निघतो. तो बरोबर 1 असेल तर विखंडनाची साखळी स्थिर चालते. 1 पासूनचा फरक ‘पीसीएम’मध्ये, म्हणजे लाखातल्या भागांत मोजतात. पण यातली यादृच्छिक चूक निम्मी करायची तर चौपट न्यूट्रॉन सोडावे लागतात, म्हणून रांगेतला जॉब रात्रभर रेंगाळतो.

आणि संगणकाने छापलेली चूक ही सगळी चूक नव्हेच. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत समृद्ध युरेनियमचा ‘गोडायव्हा’ नावाचा उघडा गोळा होता. त्रिज्या 8.74 सेंटिमीटर, रचना याहून साधी असू शकत नाही. कोड तपासायला जगभर आजही त्याची मोजमापं वापरतात आणि त्या मोजमापांतच सुमारे 100 पीसीएमची अनिश्चितता आहे. युरेनियम-235 च्या विखंडनात उशिरा सुटणारे न्यूट्रॉन एकूण साधारण 650 पीसीएम एवढेच, आणि अणुभट्टी आवाक्यात राहते ती त्यांच्याच भरवशावर. तेव्हा 100 पीसीएम म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. उत्तर 1.00213 आलं म्हणून शेवटच्या 3 वर विश्वास ठेवणारा नवखा लगेच ओळखू येतो.

बर्कलीतला एक मोठा ध्यास होता वितळलेल्या क्षाराने थंड होणारी अणुभट्टी. लिथियम आणि बेरिलियम यांच्या फ्लोराइडांचं हे मिश्रण, ‘फ्लाइब’, 459 अंश सेल्सियसला वितळतं आणि 600 ते 700 अंशांवर वापरायचं असतं. बेरिलियम विषारी. विद्यार्थ्यांच्या हाती अशा तप्त द्रवाच्या उंच नळ्या कोण देईल? तिथले प्राध्यापक पेर पीटरसन यांच्या गटाने तोड काढली ती तेलाची. उष्णता वाहून नेणारं ‘डाऊथर्म ए’ हे तेल साधारण 100 अंशांच्या आतबाहेर असताना, प्रवाहाचा वेग आणि उष्णता द्रवात ज्या दरांनी पसरतात त्यांचं गुणोत्तर तप्त फ्लाइबशी जुळतं. मग मांडणीची उंची खऱ्या अणुभट्टीच्या निम्म्यावर आणता येते आणि सुमारे 10 किलोवॉटचा विजेचा हीटर अणुभट्टीच्या गाभ्याची जागा घेतो. घरातल्या पाच गीझरांएवढी ताकद! या तेलातल्या एका घटकाला जिरेनियमच्या पानांसारखा वास येतो. साबणांच्या सुगंधातही तो घटक वापरतात.

प्रयोग दिसायला निरस असतो. पंप बंद करायचा आणि नळ्यांवरच्या तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलांचे आकडे बघत बसायचं. गरम तेल आपसूक वर चढतं, थंड तेल खाली येतं. पंपाविना प्रवाह सुरू राहिला आणि हीटरची उष्णता बाहेर पडली, तर अपघातात गाभा स्वतःहून थंड राहील या दाव्याला आधार मिळतो. कोडने आधी वर्तवलेला आलेख आणि थर्मोकपलांचा आलेख मग एकावर एक ठेवले जातात. ते जिथे जुळत नाहीत तिथेच खरं काम निघतं. नळीच्या आवरणातून किती उष्णता निसटली, भिंतीच्या धातूने किती साठवून ठेवली, असल्या हिशेबांत आठवडे जातात. प्रबंधाची प्रकरणं अशा हिशेबांनीच भरतात.

तेल सगळं सांगत नाही, हे तिथल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ते क्षारासारखं पोलाद गंजवत नाही. त्यात किरणोत्सर्गी ट्रिटियम तयार होत नाही. म्हणून कामाची वाटणी झाली: क्षाराने धातू कसा झिजतो ते विस्कॉन्सिन विद्यापीठाने पाहिलं, आणि एमआयटीने आपल्या 6 मेगावॉटच्या अणुभट्टीत क्षारासह नमुने ठेवून किरणोत्सर्गाचा परिणाम तपासला.

पीटरसन आणि बर्कलीशी नातं असलेल्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ‘कायरोस पॉवर’ ही कंपनी काढली. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने त्यांच्या क्षाराने थंड होणाऱ्या ‘हर्मीस’ अणुभट्टीला टेनेसीतल्या ओक रिज इथे बांधकामाची परवानगी दिली. पाण्याने थंड न होणाऱ्या अणुभट्टीला अमेरिकेत अशी परवानगी पन्नासहून अधिक वर्षांत मिळाली नव्हती. हर्मीसची उष्णताक्षमता 35 मेगावॉट आहे आणि ती वीज बनवणार नाही. खरा क्षार खऱ्या इंधनाभोवती फिरवून बघणं, एवढाच तिचा हेतू आहे.