परमुलखातल्या संध्याकाळी

दिवाळीचा पाडवा उलटला की आमच्या बालाघाट जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात. लग्नाच्या गोष्टी इथेच निघतात. जिलेबी, मुरमुऱ्याचे लाडू, बांगड्या, फुगे घेऊन झाले की रात्री नाटक किंवा दंडार पाहायची, आणि पहाटे डोळे चोळत घरी यायचं.

याच जिल्ह्यातल्या तिरोडी गावात एक माणूस १९६९ साली आला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं घरी जाऊ शकला नाही. त्याचं नाव वांग छी. गावात त्यांना राजबहादूर हे नाव मिळालं.

त्यांची हकिकत २०१७ साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. चीनच्या शान्शी प्रांतातला हा शेतकऱ्याचा मुलगा १९६० मध्ये सैन्यात गेला. काम सर्वेक्षणाचं. १९६२ चं युद्ध संपल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये, पूर्वेकडच्या सरहद्दीवर त्यांची वाट चुकली. रेडक्रॉसची जीप दिसली म्हणून मदत मागितली आणि ते भारतीय सैन्याच्या ताब्यात गेले. पुढची सहा वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत गेली. कोर्टाच्या हुकमानं सुटका झाली तेव्हा त्यांना तिरोडीत आणून सोडलं. पिठाच्या गिरणीत त्यांनी काम केलं, लग्न केलं, किराणा दुकान टाकलं, मुलंबाळं वाढवली. आई २००६ साली वारली, भेट झाली नाही. चिनी पासपोर्ट २०१३ मध्ये मिळाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये, ५४ वर्षांनी, ते कुटुंबातल्या माणसांना घेऊन मूळ गावी पोचले.

या हकिकतीत तुरुंग आहे, कागद आहेत, व्हिसा आहे, अश्रू आहेत. मला मात्र ती वाचताना सारखं वाटत राहिलं की परमुलखात अडकलेल्या माणसाचं आयुष्य कागदांत फार थोडं असतं. ते बहुतेक संध्याकाळींत असतं. दुकानाची फळी लावल्यावर कानावर कुठलं वाद्य पडतं, लोक कशाला हसतात, सणाच्या रात्री गाव कुठे गोळा होतं, यातूनच मुलूख अंगात उतरतो. म्हणून या लेखात मी दोन रंगमंच शेजारी ठेवून पाहणार आहे. एक वांग छी यांनी मागे सोडलेला, दुसरा त्यांना येऊन मिळालेला. आणि त्यानंतर उलट्या दिशेनं गेलेल्या आपल्या माणसांकडे वळणार आहे.

वांग छी यांचं गाव शिएनयांगजवळच्या छ्यान परगण्यात. छ्यानलिंग ही थांग घराण्यातल्या सम्राट काओत्सुंग आणि सम्राज्ञी वू त्सेथियान यांची समाधी याच परगण्यात आहे. हा सगळा मुलूख छिनछ्यांग या संगीत नाटकाचा. छिन हे शान्शीचं जुनं नाव, छ्यांग म्हणजे गाण्याचा ढंग. बीजिंगच्या ऑपेराचं नाव जगभर झालं, पण जाणकार छिनछ्यांगला त्याहून जुनं मानतात. लाकडी टिपऱ्यांच्या ठेक्यावर गायच्या साऱ्या चिनी नाट्यप्रकारांचं मूळ ते इथे शोधतात. बोरीच्या कठीण लाकडाच्या दोन दांडक्या एकमेकींवर आपटून ताल धरतात, जोडीला बानहू नावाचं तीक्ष्ण आवाजाचं तंतुवाद्य असतं. आणि गाणं कसं? शान्शीचे लोक स्वतःच अभिमानानं म्हणतात की आमच्याकडे नाटक गात नाहीत, गर्जतात. पिवळ्या मातीच्या उघड्या पठारावर, माइक नसताना, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत आवाज पोचवायचा तर दुसरा मार्ग नव्हता. नटांच्या चेहऱ्यावरचा रंगही बोलतो: लाल रंग निष्ठावंताचा, काळा सचोटीच्या करड्या माणसाचा, पांढरा कपटी माणसाचा. तोंडातून आगीचे लोळ सोडण्याची कसरत हे या नाटकाचं खास आकर्षण.

शिआन शहरात छिनछ्यांगची ईसू शे ही नाटक मंडळी १९१२ साली निघाली. थोर लेखक लू शुन १९२४ मध्ये शिआनला व्याख्यानांसाठी आले होते, तेव्हा त्यांनी या मंडळीचे प्रयोग पाहिले आणि चार अक्षरांचा फलक भेट दिला. जुना सूर एकट्यानं छेडत राहिलेले लोक, असा त्याचा आशय. या फलकाविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट वैनगंगेकाठच्या आमच्या झाडीपट्टीतले शाहीर आठवले.

नाटकाखेरीज शान्शीत कातड्याच्या सावली-बाहुल्या आहेत. चीनच्या या कलेला २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी दिव्याच्या उजेडात पाहिल्या आहेत, त्यांना हा खेळ मुळीच परका वाटणार नाही. नव्या वर्षाला गावागावांतून शहुओ निघतात, म्हणजे उंच काठ्यांवर चालणारे सोंगाडे, ढोल, झांजा, देखावे. पहिल्या महिन्याच्या पुनवेला कंदिलांचा सण येतो.

आता तिरोडी. गाव मँगनीजच्या खाणीचं. तुमसरहून इथवर रेल्वे आली तीही त्या खनिजासाठी. खाण चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्य कार्यालय नागपुरात. जिल्हा म्हणाल तर १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला यांचे तुकडे जोडून तयार झालेला. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. राज्याची रेघ बदलली, पण करमणुकीची रेघ कोणी बदलू शकलं नाही. बैहरकडे बैगा आणि गोंडांचा करमा, पूर्वेला छत्तीसगढी नाचा, आणि दक्षिणेला वैनगंगेच्या काठाकाठानं गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपर्यंत पसरलेली झाडीपट्टी. घरात पोवारी किंवा मराठी, बाजारात हिंदी. परक्या माणसाला असल्या गावात एकच भाषा शिकून भागत नाही. पण एक सोयही आहे. सगळेच दोन-तीन भाषांत अडखळत जगत असतात, त्यामुळे त्याच्या अडखळण्याचं कोणाला विशेष वाटत नाही.

मंडईचा मान गोवाऱ्यांचा. गोवारी म्हणजे गावाची गुरं राखणारे. मोरपिसांनी सजवलेली उंच ढाल घेऊन, डफ आणि बासरीच्या सुरावर ते नाचत येतात, आणि ढाल आल्याशिवाय मंडईला मंडईपण येत नाही. रात्री दंडार. गोलाकार उभं राहून पुरुषच बायकांची सोंगं घेतात, झीलकरी मागून ओळ उचलतात, मध्येच सोंगाड्या गावातल्याच कुणाची नक्कल करून हशा पिकवतो. खडी गंमत त्याच कुळातली. नावाप्रमाणे सगळं उभ्यानं. ढोलकी, डफ, तुणतुणं, शाहीर आणि नाच्या. दोन शाहीर समोरासमोर आले की तिला दुय्यम खडी गंमत म्हणतात. मग कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब उजाडेपर्यंत चालतात, आणि हरलेला शाहीर पुढच्या वर्षी उत्तर घेऊन येतो.

नाटकाची तर बातच वेगळी. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे रेल्वेवरचं साधं गाव, पण दिवाळी ते होळी या हंगामात तिथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या थाटतात, गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. शंकरपट असेल, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तर रात्री नाटक हवंच. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो. ऑर्गन, तबला समोर बसलेले. प्रेक्षक जमिनीवर, घोंगड्या पांघरून. गाणं रंगलं की वन्समोअर, आणि नट तो मान्य करतो, मग प्रसंग मरणाचा असला तरी! पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी या रंगभूमीकडे फार काळ पाहिलंच नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घराघरांत पेढे वाटावेत इतका आनंद झाला.

छिनछ्यांगची गर्जना आणि खडी गंमतीतल्या शाहिराची टिपेची हाक, दोन्हींमागचं कारण एकच आहे: उघडं आभाळ आणि मोठा जमाव. लाकडाचा ठेका, पुरुषांनी घेतलेलं स्त्रीरूप (चीनमध्येही ही परंपरा जुनी आहे), चेहऱ्याला फासलेला रंग, रात्रभर चालणारं कथानक. शान्शीच्या शेतकऱ्याचा मुलगा तिरोडीच्या मांडवात बसला तर शब्द कळायच्या आधी त्याला नाटक कळेल, असं मला ठामपणे वाटतं.

पंचांगाचंही तसंच आहे. चिनी पंचांग आपल्यासारखंच चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांची सांगड घालतं, आणि त्यातही अधिक महिना येतो. आपली दिवाळी अमावास्येची, आणि त्यांच्या नववर्षाची आदली रात्रही चंद्राविना. दोन्हीकडे त्या रात्री फटाके, आणि दोन्हीकडे लांब गेलेल्या माणसानं घरी यायचंच असा दंडक. आठव्या महिन्याच्या पुनवेला ते चंद्राकडे पाहत मूनकेक खातात. ती पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपदाची. विदर्भात त्याच दिवशी भुलाबाई बसते, महिनाभर पोरी गाणी म्हणतात आणि कोजागिरीला भुलाबाई उठते. म्हणजे त्यांचा चंद्राचा सण आणि आपला चंद्राचा सण यांच्यामध्ये बरोबर एक भुलाबाई असते. अधिक महिन्यांचा मेळ चुकला की मात्र गंमत होते. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही सण एकाच रात्री आले होते.

आता उलट वाट. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघालं. त्यात दोघे मराठी: सोलापूरचे तरुण द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे वयस्क काँग्रेस कार्यकर्ते डॉ. चोळकर. चोळकर काही महिन्यांनी परतले. कोटणिसांची आठवण देशानं ठेवली, पण आमच्या भागातही चोळकरांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही, हे बरं नाही. पाचही जणांना चिनी नावं मिळाली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ख तीहुआ.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. हे गावही शान्शी प्रांतातलंच, वांग छी यांच्या मुलखाच्या उत्तरेला. डोंगर कोरून केलेल्या गुहांत दवाखाने होते, शाळा होत्या आणि लू शुन यांच्या नावाची कला अकादमीही होती. पीत नदीवरचा शियान शिंगहाय यांचा प्रसिद्ध समूहगान-संच एप्रिल १९३९ मध्ये पहिल्यांदा येनानमध्येच गायला गेला. बॉम्बहल्ले चालू असताना त्या माणसांना गाणं अनावश्यक वाटलं नाही. कोटणीस तेव्हा त्याच गावात काम करत होते. ते चिनी लिहायला-बोलायला शिकले, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, तेव्हा मूल काही महिन्यांचं होतं.

चार वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीस झाले स्वतः शांताराम, आणि त्यांच्या चिनी पत्नी झाल्या जयश्री. मुंबईच्या राजकमलमध्ये उभं केलेलं ते चीन आज पाहताना मला त्यातली आपुलकी जास्त जाणवते.

पुढे सिनेमाच दोन्हीकडचा दुवा झाला. राज कपूरचा ‘आवारा’ १९५५ मध्ये चिनी भाषेत पोचला आणि त्या पिढीच्या तोंडी त्याचं गाणं बसलं. ‘कारवाँ’ पुढच्या पिढीचा. आणि ५ मे २०१७ रोजी, वांग छी घरी पोचल्यानंतर तीनच महिन्यांनी, चीनमध्ये ‘दंगल’ लागला. तिथलं त्याचं नाव ‘चला कुस्ती खेळू या, बाबा’ अशा अर्थाचं. भारतातल्यापेक्षा त्यानं तिथे जास्त कमावलं. मुलीला आखाड्यात उतरवणारा करडा बाप चिनी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही.

आज वैद्यकीच्या शिक्षणासाठी, कारखान्यांच्या कामासाठी किंवा इवूच्या घाऊक बाजारात व्यापारासाठी चीनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी एवढंच सुचवीन की संध्याकाळ खोलीत मोबाइलवर घालवू नका. चिनी चित्रपटगृहात चिनी सिनेमाखालीही अक्षरं येतात, आणि संगीत नाटकाच्या रंगमंचाच्या बाजूला गाण्याचे शब्द उमटत राहतात, कारण ते गायलेले शब्द तिथल्यांनाही सहजी कळत नाहीत. म्हणजे परक्याला लाजायचं कारणच उरत नाही. चौकात स्पीकर लावून रांगेत नाचणाऱ्या आज्या परक्यालाही मागच्या रांगेत जागा देतात. सकाळी बागेत जा. तिथे म्हातारे कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर सुंदर अक्षरं काढतात आणि ऊन चढलं की ती उडून जातात. शिआनच्या जुन्या तटाच्या पायथ्याशी बागेत निवृत्त माणसं बानहू घेऊन बसतात आणि हौसेनं छिनछ्यांग गातात. तिकीट नसतं. तिथे थोडा वेळ उभे राहा. दांडक्यांचा ठेका कानावर पडेल, आणि कोणीतरी सरकून बसायला जागा करून देईल.