आतल्या अंगाचा कपॅसिटर

पॉवर सप्लायच्या आउटपुटला दोन कपॅसिटर शेजारीशेजारी उभे होते. एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले, 2200 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचे आणि समांतर जोडलेले. एकावर जे व्होल्टेज, तेच दुसऱ्यावर. तरी फुगायचा तो दर वेळी आतल्या अंगाचाच. त्याच्या डोक्यावरची फुली वर उचललेली, फटीत तपकिरी खरपुडी साचलेली. बाहेरच्या अंगाचा मात्र सपाट डोक्याने उभा, जणू कालच बसवलाय.

हा सप्लाय इचलकरंजीतल्या एका कारखान्यातला. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग लावला. आता तिथे साध्या मागांच्या खडखडाटासोबत परदेशातून सेकंडहँड आलेले रॅपियर मागही चालतात. अशा मागाचा मेंदू, धागा तुटल्याचं ओळखणारे सेन्सर आणि सोलेनॉइड सगळे 24 व्होल्टवर चालतात आणि ते 24 व्होल्ट कॅबिनेटमधला एसएमपीएस पुरवतो. तो लुळा पडला की माग मध्येच थांबतो, स्क्रीन विझून पुन्हा लागते आणि कापडावर आडवी पट्टी उमटते. असा तागा पहिल्या दराने विकला जात नाही. नवा सप्लाय आणावा म्हटलं तर ते मॉडेल बनायचंच बंद झालेलं. त्यामुळे दुरुस्तीला पर्याय नव्हता.

मूळचे कपॅसिटर सात-आठ वर्षं टिकले होते. पुढची कहाणी मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरने सांगितली. "साहेब, गणपतीत एक बदलला, शिमग्याला दुसरा, आणि आता बेंदराला ह्यो तिसरा. बदलून बदलून कटाळा आला बघा."

दुरुस्त करणाऱ्यांनी काम काही वाईट केलं नव्हतं. सोल्डर स्वच्छ, कपॅसिटर 105 अंशांचे, लो-ईएसआर जातीचे. मालकांचा संशय एकाच गोष्टीवर: "माल डुप्लिकेट असणार."

हा संशय उगाच येत नाही, त्याला मोठा इतिहास आहे. 1999 नंतरच्या काही वर्षांत जगभर लाखो मदरबोर्डांवरचे कपॅसिटर असेच फुगले. त्यातले बरेचसे तैवानमध्ये बनलेले होते. आतल्या द्रवात पाण्याचं प्रमाण जास्त आणि त्या पाण्याला अ‍ॅल्युमिनियमपासून रोखणारी रसायनं अपुरी. पाणी धातूला खायला लागलं, हायड्रोजन वायू तयार झाला आणि डब्या आतून फुगल्या. जपानहून फुटलेलं सूत्र अर्धवटच हाती लागलं होतं, अशी हकिकत 2002-03 च्या सुमारास मासिकांतून छापून आली. तेव्हापासून फुगलेला कपॅसिटर दिसला की कारागीर आधी बनवणाऱ्यालाच दोष देतो.

पण माल खराब असता तर दोन्ही फुगले असते. किंवा कधी हा, कधी तो. तीनही वेळा आतल्याच अंगाचा फुगतो, म्हणजे दोष पाकिटात नसून जागेत होता. मी बाहेरचा कपॅसिटर काढून ईएसआर मीटरला लावला. आकडा नव्यासारखाच. आतल्याचा अंतर्गत रोध मात्र कितीतरी पटींनी वाढलेला. त्याची डबी कापून गुंडाळी उलगडली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमधला कागद ओलसर लागायला हवा, तो होळीतल्या गोवरीसारखा कोरडा, काठाशी करपट. हा नुसता सुकून मेला होता.

दुसरा संशय विजेवर. लाइट जाते-येते, झटके बसतात, हे इचलकरंजीत कुणाला नवं नाही. पण 230 व्होल्टचा झटका आधी सोसतो तो आत शिरताच भेटणारा मोठा कपॅसिटर, ज्याच्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात. तो ठणठणीत होता. पुढे ट्रान्सफॉर्मर. त्याच्याही पलीकडे 24 व्होल्टच्या बाजूला बसलेल्या दोघांतला एकच निवडून मारणारा झटका असू शकत नाही.

पंख्यात सुताची तुसं भरली होती, हे खरं. जॉबरने ती माझ्यासमोर काढली. पण ती तुसं दोघांचीच हवा अडवत होती, एकट्याची नव्हे.

मग मी जॉबरच्या सणांकडे वळलो. या शोधात त्याचा पंचांगी हिशेब माझ्या सगळ्या मीटरांच्या आधी बोलला.

कपॅसिटरच्या डबीवर 105 अंश छापलेलं असतं आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तासही दिलेले असतात. या कपॅसिटरचे 2000 होते. म्हणजे पूर्ण 105 अंशांवर ठेवला तर 2000 तास. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. हा ढोबळ नियम आऱ्हेनिअसने 1889 साली मांडलेल्या समीकरणातून निघतो आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला तो बऱ्यापैकी लागू पडतो. 65 अंशांवर हाच कपॅसिटर 32,000 तास जायला हवा. चोवीस तास चालणाऱ्या मागावर ती साडेतीन वर्षांहून जास्त होतात.

आता उलटं मोजू. भाद्रपदातल्या चतुर्थीपासून फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत सहा महिने आणि अकरा तिथी, म्हणजे सुमारे साडेचार हजार तास. इतक्या तासांत 2000 तासांचा कपॅसिटर संपला, तर तो 93 अंशांच्या आसपास शिजत होता. फाल्गुनी पौर्णिमा ते इचलकरंजीचा कर्नाटकी बेंदूर, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा. नेमके तीन चांद्रमास, 2100 तासांच्या आसपास. हिशेब 104 अंशांवर गेला. माग अधूनमधून बंद असतो, नियमही ढोबळ आहे, उन्हाळ्याचे चार-पाच अंशही धरायला हवेत. ते सगळं वजा केलं तरी एक गोष्ट उरते: आत कुठेतरी उष्णता वाढत चालली होती. जे कपॅसिटरला भाजत होतं, ते स्वतःही महिन्यागणिक बिघडत होतं.

मेलेल्या कपॅसिटरचं प्लॅस्टिकचं आवरण मी पुन्हा उजेडात धरलं. एका अंगाला ते आकसून वर सरकलं होतं, खाली अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं होतं आणि त्याच अंगाला रंग काळपट. दुसऱ्या अंगाला अक्षरं जशीच्या तशी. डबी तिच्या जागी धरून पाहिली. काळवंडलेलं अंग बरोबर चोककडे येत होतं.

चोक म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेलं कडं. एसएमपीएसमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा तुटक करून ट्रान्सफॉर्मरमधून नेतात. पलीकडे डायोड ती एका दिशेची करतात, चोक तिचे चढउतार दाबतो आणि उरलेली लहर कपॅसिटर पोटात घेतो. हा चोक पिवळ्या रंगाचा, एक तोंड पांढरं. जुन्या कॉम्प्युटर सप्लायमध्येही हमखास दिसतो तोच. आतल्या कपॅसिटरपासून त्याचं अंतर काडीपेटीतल्या काडीच्या जाडीइतकं. त्याच्या खाली बोर्ड तपकिरी पडला होता.

इथे घाईने निकाल देण्याचा मोह होता, पण दोन आरोपी शिल्लक होते. चोकला जो कपॅसिटर जवळ, त्याच्या वाट्याला लहरीचा प्रवाहही थोडा जास्त येऊ शकतो आणि तो प्रवाह त्याला आतूनच तापवतो. मग कपॅसिटर शेजाऱ्यामुळे बाहेरून भाजतो की स्वतःच्या पोटातल्या प्रवाहाने?

सप्लाय टेबलावर घेतला. दोन्ही कपॅसिटर नवे घातले. लोड म्हणून ट्रकच्या हेडलाइटचे 24 व्होल्ट 70 वॅटचे पाच बल्ब समांतर लावले, एकूण 350 वॅट. वर खोकं झाकून आतली हवा मागाच्या कॅबिनेटइतकी, 44 अंशांवर येऊ दिली. चालू सप्लायच्या आत बोट घालायचं नाही, म्हणून बंद असतानाच दोन्ही डब्यांना आणि चोकला उष्णतेत टिकणाऱ्या टेपने थर्मोकपल चिकटवून वायरी बाहेर काढल्या. तासाभराने आकडे स्थिरावले. बाहेरचा कपॅसिटर 66 अंश, आतला 98, चोक 141.

आता कसोटी. चोक बोर्डावरून उतरवला आणि जाड तारांच्या छोट्या तुकड्यांनी तिथेच जोडून चार बोटं दूर नेला. सर्किट तेच, प्रवाह तोच, लहर तीच. स्कोपची ग्राउंड वायर लांब ठेवली तर ती स्वतःच अँटेना होऊन खोटे काटे दाखवते, म्हणून प्रोबच्या टोकाशीच ग्राउंड धरून लहर दोन्ही वेळा पाहिली. काडीचाही फरक नव्हता. पुन्हा तासभर थांबलो.

बाहेरचा 65. आतला 67.

प्रवाह निर्दोष सुटला. कपॅसिटरला शेजारी भाजत होता.

तरी प्रश्न संपला नव्हता. हाच शेजारी सात-आठ वर्षं गपगुमान बसला होता, मग आत्ताच का पेटला? कारखान्यात त्याच बनावटीचा एक माग बरीच वर्षं बंद होता. मालकांनी त्याचा सप्लाय आणू दिला. त्याच लोडवर, तितक्याच गरम हवेत त्याचा चोक 84 अंशांवर थांबला. मग दोन्ही चोकांची अदलाबदल केली. उष्णता चोकबरोबरच गेली: तापणारा चोक बंद मागाच्या बोर्डावरही 140 च्या घरात, बंद मागाचा चोक आपल्या बोर्डावर 84-85.

दोन्ही चोकांच्या तांब्याचा रोध सारखाच. एलसीआर मीटरला 1 किलोहर्ट्झवर दोघांच्या इंडक्टन्सचा आकडाही जवळपास तोच. या कसोटीवर कुणीही तापणाऱ्या चोकला पास केलं असतं. मीटर 100 किलोहर्ट्झवर नेला, तेव्हा बंद मागाच्या चोकचा क्यू, म्हणजे ऱ्हास किती कमी याचं माप, चांगला आणि तापणाऱ्याचा निम्म्याहूनही खाली. चोक ज्या वेगाने काम करतो त्याच वेगावर त्याला तपासलं, तेव्हाच तो पकडला गेला.

हे पिवळं-पांढरं कडं लोखंडाच्या भुकटीचं असतं. प्रत्येक कणाभोवती पातळ विद्युतरोधक थर आणि सगळे कण सेंद्रिय राळेने एकत्र दाबलेले. कण एकमेकांपासून अलग राहतात तोवर बदलत्या चुंबकीय क्षेत्राने उठणारे भोवरी प्रवाह त्या त्या कणातच अडकतात आणि उष्णता कमी होते. पण राळ वर्षानुवर्षं गरम राहिली की खराब होते आणि कणांमधला आडोसा मोडायला लागतो. भोवरे मोठे होतात, कडं जास्त तापतं, त्या तापाने राळ आणखी लवकर खराब होते. या धातूभुकटीचं उष्णतेने होणारं हे वृद्धत्व कोअर बनवणाऱ्यांनी आपल्या माहितीपत्रकांत मांडलेलं आहे. डिझायनरने स्वस्त कोअर निवडला, पंख्याला तुसांनी हातभार लावला आणि सात-आठ वर्षांनी कड्याचा ताबा सुटला. सण लवकर लवकर यायला लागले ते यामुळे.

तुसांबद्दल मी आधी जे म्हटलं त्यात एवढी भर घालायला हवी: त्यांनी कपॅसिटर मारला नाही, पण चोकला म्हातारं करण्यात त्यांचा वाटा होता.

नव्या चोकसाठी मी सेन्डस्टचा कोअर निवडला. 85 टक्के लोखंड, 9 टक्के सिलिकॉन, 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम असा हा मिश्रधातू हाकारू मासुमोतो यांनी 1936 च्या सुमारास जपानमधल्या सेंडाईत शोधला आणि त्या गावाचं नाव त्याला लागलं. तो इतका ठिसूळ की त्याची भुकटीच वापरायची. पण तिचा ऱ्हास खूप कमी आणि उष्णतेने ती अशी म्हातारी होत नाही. जुन्या कोअरची पारगम्यता 75, याची 60. तितकंच इंडक्टन्स यायला वेढे वाढवावे लागतात, दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतके. जुन्यावर चोवीस वेढे होते, नव्यावर सत्तावीस घातले, दुहेरी तारेने. चोक थोडा उचलून बसवला, आतला कपॅसिटर होता तिथेच ठेवला.

त्याच पाच बल्बांवर, त्याच खोक्याखाली चोक 79 अंश. आतला कपॅसिटर 68, बाहेरचा 65.

जॉबरने आकडे पाहिले आणि विचारलं, "मग बाकीच्या मागांचं काय ओ, साहेब?" बरोबर विचारलं होतं त्याने. त्याच बनावटीचे आणखी माग त्याच छपराखाली तितकीच वर्षं धावत होते आणि त्यांचे कपॅसिटर अजून फुगले नव्हते. मालकांनी एकेका मागाला साप्ताहिक सुट्टीला उघडायची परवानगी दिली. चोक काढायचा, 100 किलोहर्ट्झवर मीटर लावायचा, क्यू लिहून ठेवायचा, पंख्यातली तुसं काढायची. ज्यांचा क्यू घसरलेला निघाला त्यांचे चोक आम्ही नव्याने गुंडाळले. त्यातल्या दोघांखाली बोर्ड नुकताच तांबूस पडायला लागला होता आणि आतल्या अंगाच्या कपॅसिटरचं डोकं अजून सपाट होतं.