थिनरची वाफ धुळीच्या मास्कला जुमानत नाही

जुनं सागवानी कपाट घरीच घासून त्यावर सीलर आणि लॅकर मारायचं ठरतं. थिनरचा डबा येतो, ब्रश येतात, आणि मास्क म्हणून कोविडच्या काळातला उरलेला एन-९५ बाहेर निघतो. मास्क चांगलाच आहे, पण या कामाचा नाही.

‘एवढी बारीक धूळ अडते, मग थिनर अडणार नाही का?’ नाही अडणार. एन-९५ ची चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते आणि त्यातले निदान ९५ टक्के त्याने धरावे लागतात. धूळ, तुषार हे कण झाले. थिनरमधलं टोल्युइन मात्र वाफ होऊन हवेतच मिसळतं, आणि श्वास ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने तेही येतं. ओला रुमाल बांधूनही काही साधत नाही, कारण टोल्युइन पाण्यात जेमतेम विरघळतं.

वाफेसाठी लागतो तो रबरी किंवा सिलिकॉनचा, कार्ट्रिज बसवायचा मास्क. कार्ट्रिजमध्ये सक्रिय कोळसा असतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो आणि वाफ तिथे चिकटून राहते. सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजवर युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा असतो, अमेरिकी पद्धतीत काळा. स्प्रे मारायचा असेल तर वाफेबरोबर तुषारही उडतात, म्हणून कोळशाच्या पुढे कणांचा फिल्टरही हवा.

‘वास आला की कार्ट्रिज बदलू’ हा हिशेब मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. नाकाला वासाची सवय होते. अर्ध्या तासापूर्वी झोंबणारा थिनर नंतर जाणवतही नाही. शिवाय कोळसा भरत जातो. कार्ट्रिज उघडं ठेवलं तर ते खोलीतली वाफ शोषत राहतं, आणि आत धरलेली वाफही हळूहळू पलीकडच्या बाजूला सरकते. म्हणून किती तास वापरलं ते त्यावरच लिहावं आणि काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

काही रसायनांपुढे हे कार्ट्रिजही अपुरं पडतं. जुना रंग काढायच्या काही रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. ते कोळशातून लवकर निसटतं आणि शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला २०१९ मध्ये बंदी आली. दुसरं म्हणजे दोन भाग मिसळून मारायचं टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन). त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा घातक पातळीलाही वास येईलच असं नाही. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. स्प्रे बूथमधले कारागीर यासाठी बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क घालतात. घरी ती सोय नसते, म्हणून पीयूचा स्प्रे घरी मारूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पाण्यात कालवलेल्या रंगाची वाफ कमी असते, हे खरं. पण पेणच्या गणपती कारखान्यांत मारतात तसा तो स्प्रे गनने मारला, तर रंगाचे तुषार छातीत जातातच. इथे मात्र एन-९५ उपयोगी पडतो. मास्क असला तरी जुना ऑइलपेंट सुका घासू नये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं.

आणि राहिला गुळाचा उपाय. ‘वर गूळ खाल्ला की छाती साफ होते’ असं अनेक रंगारी मनापासून सांगतात. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसांत नाही. थिनरची वाफ तर फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते.

मास्क चेहऱ्याला चिकटून बसला नाही तर हे सगळं वाया जातं. दाढीचे खुंटही फट ठेवतात. दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास आत ओढावा; मास्क थोडा आत खेचला जाऊन तसाच राहिला, तर बसला.

‘मास्क आहे, मग खिडकी कशाला?’ असंही करू नये. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, ती जमिनीलगत साचत जाते आणि साध्या ठिणगीनेही पेटते. शेजारच्या खोलीतली समई, गॅसची शेगडी, साध्या एक्झॉस्ट फॅनची मोटरसुद्धा त्याला पुरते. लॅकर वरून वाळल्यासारखा दिसला तरी वाफ निघतच असते. त्या रात्री मुलांचं अंथरूण त्या खोलीत घालू नका.