मुक्त, पण मोफत नव्हे

अंबरपेठेतील दवाखान्यांच्या नोंदींसाठी मुक्तस्रोत संगणकप्रणाली भरवशाची ठरेल का, असे समव्यवसायी बंधुभगिनी मला विचारतात. छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात 'बहमनी' ही अशी प्रणाली प्रथम वापरात आली. तिचा दर्शनी भाग गूगलच्या 'अँग्युलरजेएस' या मुक्तस्रोत साधनावर रचलेला होता. त्या साधनाची देखभाल गूगलने डिसेंबर २०२१अखेर थांबविली. मूळ आज्ञावली खुली असल्याने ती हातची जात नाही, दुसऱ्या साधनावर नव्याने लिहिता येते; परंतु ते श्रम कोणाला तरी करावेच लागतात. म्हणून औषधाप्रमाणे साधनाचीही मुदत मी आधी पाहतो. देखभाल कोण करणार, कधीपर्यंत करणार आणि रुग्णांच्या नोंदी पूर्णपणे बाहेर काढता येतील का, हे कळल्यावाचून निवड करू नये.